ठेवावा की सोडावा? : बाळू पालवणकरांची कहाणी

मागल्या उन्हाळ्यात आमच्या रिद्धपुरात लिंबाच्या पारावर बसून आम्ही दहा-बारा पोरांनी एक गहन प्रश्न सोडवायला घेतला होता. आमच्या टेनिस-चेंडूच्या संघातला एक डावखुरा पोरगा शेजारच्या गावच्या संघाला देऊन टाकावा की ठेवावा, हा तो प्रश्न. वय त्याचे सतरा. बळी घेण्यात तो आम्हा सर्वांच्या पुढे. शेजारच्यांनी त्याला मागणी घातली होती आणि बदल्यात दोन नव्या बॅटी, यष्ट्यांचा जोड व पॅडचा संच द्यायला ते तयार होते. आमची एकुलती एक बॅट त्या वेळी सुतळीने बांधलेली होती, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

चर्चा रात्री उशिरापर्यंत चालली. तो सरावाला येत नाही, असे एकाने सांगितले. ते खरे होते, कारण संत्र्याच्या तोडीचे दिवस आले की तो मजुरीला जाई. गोलंदाज काय, कुणीही होतो, फलंदाज मिळत नाहीत, असे दुसऱ्याने सांगितले. तिसऱ्याने विचारले की तो गेला तर समोरच्यांना बाद कोण करणार. त्याला कोणी उत्तर दिले नाही. मी नुकताच कॉलेजात जाऊ लागलेला, आमच्या घरातला कॉलेजची पायरी चढणारा पहिलाच, म्हणून माझ्या बोलण्याला उगीच वजन होते. मी देऊन टाकावा या बाजूने बोललो. एक गडी आणि पूर्ण संच, हिशेब मला अगदी सोपा वाटला.

एक गोष्ट मात्र त्या रात्री कोणीच तोंडाबाहेर काढली नाही. त्याचे घर नाल्यापलीकडच्या वस्तीत आहे. सामना संपल्यावर आम्ही चहाला जात असू तेव्हा आम्ही बाकावर बसत असू आणि तो उभा राही. त्याला उभा राहा असे कोणी म्हटले नव्हते. बस, असेही कोणी म्हटले नव्हते.

पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात वाचता वाचता मला बाळू पालवणकर भेटले, आणि पारावरची ती रात्र मनातून जाईना. म्हणून हा लेख.

खेळाडू देणे-घेणे ही काही नवी गोष्ट नाही. आय. पी. एल.मध्ये तर खेळाडूंचा लिलावच होतो आणि अदलाबदलीची खलबते वर्तमानपत्रांतून वाचायला मिळतात. आपल्या विदर्भाच्या संघात २०२३ साली करुण नायर आला, २०२४-२५ चा रणजी करंडक आपण जिंकला त्यात त्याच्या बॅटीचा मोठा वाटा होता, आणि पुढच्या हंगामात तो आपल्या कर्नाटकाकडे परतला. त्याच्याही शंभर वर्षे आधी नागपूरचे सी. के. नायडू होळकरांच्या बोलावण्यावरून इंदूरला गेले. नागपूरचे नुकसान झाले आणि होळकरांच्या संघाने पुढे चार वेळा रणजी करंडक जिंकला. अशा प्रसंगी संघ दोन पारडी घेऊन बसतो. एका पारड्यात खेळाडूचा गुण आणि दुसऱ्यात त्याच्या बदल्यात मिळणारी वस्तू. बाळू पालवणकरांच्या बाबतीत या दुसऱ्या पारड्यात जे ठेवले गेले ते मात्र कुठल्याच बाजारात विकत मिळणारे नव्हते.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. पालवण या गावावरून घराण्याचे नाव पालवणकर. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजातले हे कुटुंब. वडिलांची नोकरी लष्कराच्या आश्रयाची, त्यामुळे बिऱ्हाड पुण्याला आले. छावणीच्या आसपास वाढणाऱ्या मुलांना क्रिकेट काही शाळेत शिकावे लागत नसे. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळू लागले. पुढे आणखी दोन भाऊ, गणपत आणि विठ्ठल, हेही क्रिकेटपटू झाले. एका घरातून असे चार खेळाडू निघाल्याचे उदाहरण आपल्याकडे विरळाच.

पोटासाठी बाळूंनी पहिली नोकरी धरली ती पुण्यातल्या पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा आणि सभासदांना हुक्की आली की त्यांना चार चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले आणि पगार चार रुपये झाला. काम तेच, शिवाय जाळ्या लावणे आणि टेनिसच्या मैदानाची निगा राखणे.

त्या क्लबात कुणा साहेबाने या पोराला जाळीत गोलंदाजी टाकायला सांगितली आणि त्यांचे दैव उघडले. बाळू डावखुरे, मंदगती फिरकी गोलंदाज. चेंडू दोन्हीकडे वळवणारे आणि टप्प्याचे एकदम पक्के. क्लबातला नामांकित फलंदाज म्हणजे कॅप्टन ग्रेग. तो सामन्याच्या आधी तासन् तास बाळूंची गोलंदाजी खेळत असे आणि स्वतः बाद झाला की बाळूंना आठ आणे देई, अशी कथा आहे. महिन्याचे चार रुपये मिळवणाऱ्या पोराला एका बळीचे आठ आणे! आठ वेळा साहेबाला बाद केले की एक पगार सुटला. कथेत थोडे मीठमसाला असेलही, पण गोलंदाजी अशी पक्की का झाली याचा उलगडा तिच्यात होतो.

मला स्वतःला आणखी एक गोष्ट सुचते. जो माणूस रोज पहाटे खेळपट्टीवर रोलर फिरवतो त्याला ती तळहातासारखी ठाऊक असते. कुठे माती भुसभुशीत, कुठे चीर पडायला लागली, कुठे दव उशिरा सुकते हे फलंदाजाला दिसत नाही, पण झाडणाऱ्याला दिसते. आमच्या आईला निंदताना वावरातली कोणती सरी ओल धरते हे न पाहता कळते, तसेच हे. बाळूंची विद्या त्या झाडूतून आणि रोलरातून आलेली आहे, असे मी म्हणेन.

पण त्या क्लबात इतकी वर्षे काढूनही फलंदाजीची संधी बाळूंना कधी दिली गेली नाही. चेंडू टाकणे हे राबणाऱ्याचे काम आणि बॅट धरणे हा साहेबाचा मान. गंमत अशी, की जो भेद गोऱ्या साहेबाने बॅट आणि चेंडू यांच्यात केला, तोच भेद पुढे आपल्या लोकांनी कपबशी आणि मातीचे भांडे यांच्यात केला.

पुण्याच्या हिंदूंचा तेव्हा एक क्लब होता आणि गोऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवावे ही त्यांची मोठी ईर्षा होती. आपल्याच शहरात एक हिंदू पोर रोज साहेबांना बाद करतो ही बातमी त्यांच्या कानावर गेली, आणि मग पारावरच्या आमच्यासारखीच त्यांचीही बैठक बसली असेल. घ्यावा की न घ्यावा? क्लबातल्या तेलुगू सभासदांचे म्हणणे घ्यावा असे होते. काही पुणेकर ब्राह्मण सभासदांचे मन तयार होईना. चर्मकाराच्या हातचा चेंडू आपण हातात धरायचा, त्याच्या शेजारी उभे राहायचे, मग जेवणाच्या वेळी काय करायचे? हा प्रश्न त्यांना खराखुरा वाटत होता. आज आपल्याला त्याचे हसू येते. पण ज्या रात्री आम्ही पारावर बसलो होतो त्या रात्री आम्ही त्यांच्यापासून फार दूर होतो असे मला वाटत नाही. ते निदान उघड बोलले.

असे सांगतात, की बाळूंना न घेणे म्हणजे हिंदूंचा शुद्ध मूर्खपणा होईल, असे मत ग्रेगसाहेबानेच वर्तमानपत्रातून जाहीर केले. ज्याच्याविरुद्ध ही गोलंदाजी वापरली जाणार होती तोच तिची शिफारस करतो आहे! ग्रेगला बाळूंची गोलंदाजी कितीदा भोवली होती हे त्याला पक्के ठाऊक होते. कदाचित आपल्याला चांगला प्रतिस्पर्धी मिळावा असेही त्याला वाटले असेल. काहीही असो, अखेर बाळू पुण्याच्या हिंदू संघात आले.

आले, पण कसे आले तेही सांगायला हवे. मैदानावर सगळे सारखे. तोच चेंडू ब्राह्मणाच्या हातून चर्मकाराच्या हातात आणि परत. मध्यंतरात बाकीचे खेळाडू तंबूत जाऊन चिनी मातीच्या कपात चहा पीत. बाळूंना चहा बाहेर दिला जाई, मातीच्या भांड्यात, जे नंतर फेकून देता येईल अशा. हात-तोंड धुवायचे झाले तर त्यांच्यासारखाच एखादा अस्पृश्य नोकर मैदानाच्या कडेला किटली घेऊन जाई आणि वरून पाणी ओती. जेवण निराळ्या ताटात, निराळ्या जागी. म्हणजे संघाने हिशेब केला आणि मधला मार्ग काढला. हात आमचा, माणूस बाहेरचा. संघाला बळी हवे होते, ते मिळाले. पारड्यात दुसऱ्या बाजूला काही ठेवावेच लागले नाही.

हे लिहिताना एक आठवते. आम्ही गोविंदप्रभूंच्या लीळा ऐकत वाढलो. साडेसातशे वर्षांपूर्वी आमच्याच रिद्धपुरात तो पुरुष महार-मांगांच्या घरी बेधडक जात असे आणि गावातली प्रतिष्ठित मंडळी त्यावर कुरकुर करीत असत. म्हाइंभटांनी लीळाचरित्र याच गावात बसून लिहिले, आणि आता तर मराठी भाषेचे विद्यापीठही इथेच उभे राहिले आहे. याचा आम्हाला मोठा अभिमान. चहाच्या बाकावर मात्र तो अभिमान आमच्या उपयोगी पडला नाही.

असो. बाळूंच्या जोरावर पुण्याच्या हिंदूंनी गोऱ्या संघांना धूळ चारायला सुरुवात केली. साताऱ्याच्या सामन्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. तिथल्या गोऱ्या जिमखान्याने बाळूंचा धसका घेऊन खेळपट्टीवर कित्येक दिवस रोलर फिरवला होता, म्हणजे चेंडू वळूच नये. आयुष्यभर रोलर ओढलेल्या माणसाला रोलरची भीती दाखवण्यासारखेच हे! बाळूंनी तिथेही बळी घेतले आणि पुण्याने सामना जिंकला. परतल्यावर सत्कार झाला. त्यात न्यायमूर्ती रानडे यांनी बाळूंचा गौरव केला आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे, अशा अर्थाचे खेळाडूंना सुनावले असे सांगतात. लोकमान्य टिळकांनीही त्यांचे जाहीर कौतुक केले. एका मैदान झाडणाऱ्या पोराच्या बाबतीत रानडे आणि टिळक यांचे एकमत झाले, ही त्या काळच्या पुण्यात लहान गोष्ट नव्हती.

१८९६ च्या सुमारास, प्लेगच्या त्या काळात, बाळूंनी मुंबई गाठली. पुण्याने आपला गोलंदाज गमावला. पुढे मुंबईला त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली आणि ते रेल्वेच्या संघातूनही खेळले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांना घेतले. तिथेही काही सभासदांनी कुरकुर केली, पण पुण्याचा अनुभव समोर होता आणि मुंबईचा हिशेब जास्त रोकडा होता. बाळूंपाठोपाठ शिवरामही संघात आले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईला हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. तोवर गोऱ्यांशी दोन हात करायचा मान पारशांचा होता. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, गोऱ्यांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६० वर आटोपले. गोऱ्यांपुढे आव्हान होते २१२ धावांचे, आणि ते १०२ धावांत कोसळले. १०९ धावांनी विजय, आणि त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा सिंहाचा वाटा. जपानने नुकतेच रशियाला हरवले होते, बंगालच्या फाळणीने देश पेटला होता. अशा वेळी मैदानावर राज्यकर्त्यांना हरवणे याचा अर्थ लोकांना बरोबर कळला. या सामन्याच्या वेळी एक नवल घडले. पालवणकर बंधू संघातल्या इतरांबरोबर एकत्र जेवले. पुण्याच्या मातीच्या भांड्यापासून मुंबईच्या पंगतीपर्यंत यायला दहाएक वर्षे लागली. ही वाट बाळूंच्या डाव्या हाताने पुरी केली, असे आपण म्हणतो खरे. पण बळी मिळाले नसते तर? मग त्या पंगतीत त्यांचे पान मांडले गेले असते का? हा प्रश्न मला छळतो. माणसाला पाटावर बसायला बळी का घ्यावे लागावेत?

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. बाळू तेव्हा पस्तिशीत होते. संघाची कामगिरी यथातथाच, तेवीसपैकी सहा सामने जिंकले आणि पंधरा हरले. पण त्या पराभवाच्या ढिगातून एक नाव वर आले. बाळूंनी सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. नुसते प्रथम श्रेणीचे सामने धरले तरी ७५ बळी. महाराज थोडेच सामने खेळले, बाकी वेळ मेजवान्यांत गेला. कर्णधार मेजवानीत आणि गोलंदाज खेळपट्टीवर, अशी ती फेरी. तिथल्या जाणकारांनी बाळूंची तुलना इंग्लंडच्या उत्तम मंदगती गोलंदाजांशी केली. इंग्लंडात त्यांना चहा कोणत्या भांड्यात दिला जाई याची चर्चा कुठे सापडत नाही, आणि नसावीच.

मुंबईला परतल्यावर दलित समाजाने त्यांचा मोठा सत्कार केला. त्या समारंभातल्या मानपत्राशी वीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांचे नाव जोडले जाते. शिकणाऱ्या त्या पिढीला बाळू म्हणजे पहिला नायक. शाळेच्या दाराबाहेर बसवलेल्या मुलांना एक माणूस दाखवता येत होता, की बघा, हा आपल्यातला, आणि साहेबाच्या देशात जाऊन शंभरावर बळी घेऊन आला.

आता खरी गोष्ट येते.

इतकी वर्षे संघासाठी राबलेला, अनुभवाने सर्वांत ज्येष्ठ असा हा खेळाडू. साहजिकच त्याला कर्णधार करावे असे अनेकांना वाटे. दर वर्षी चौरंगी सामने आले की वर्तमानपत्रांतून चर्चा होई आणि दर वर्षी दुसराच कुणी नेमला जाई. १९१३ साली एम. डी. पै कर्णधार झाले आणि त्यांनी स्वतः सत्काराच्या वेळी सांगितले की हा मान बाळूंना मिळायला हवा होता. पैंचा मोठेपणा वादातीत आहे. पण मोठेपणाने पद हलत नाही. गोलंदाज म्हणून बाळू चालत होते. आज्ञा देणारे म्हणून चालत नव्हते. कर्णधाराने बोट दाखवले की खेळाडूला तिकडे धावावे लागते, आणि ते बोट कुणाचे, हा प्रश्न चहाच्या कपापेक्षाही अवघड निघाला.

१९२० साली चौरंगी सामने पुण्याला होते. पै आजारी होते. कर्णधारपद रिकामे झाले तेव्हा बाळूंना ते मिळेल अशी लोकांची अटकळ होती. घडले भलतेच. निवड मंडळाने बाळूंना संघातूनच वगळले आणि पहिल्या सामन्याचे नेतृत्व दि. ब. देवधर यांच्याकडे दिले.

इथे मला थोडे थांबून निवड मंडळाची बाजूही तोलली पाहिजे, नाहीतर हा लेख पारावरच्या गप्पांसारखाच होईल. बाळू तेव्हा ४४ वर्षांचे होते. गोलंदाजाचा खांदा इतकी वर्षे टिकत नाही. देवधर अठ्ठावीस वर्षांचे, उमदे फलंदाज, आणि पुढे त्यांची कर्तबगारी साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. नुसत्या खेळाच्या तराजूत तोलले तर चव्वेचाळीस वर्षांच्या गोलंदाजाला विश्रांती देणे हा गुन्हा म्हणता येणार नाही. पण ही वयाची अडचण मंडळाला कर्णधारपद रिकामे झाले त्याच वर्षी कशी दिसली? आणि बाळू नको असतील तर विठ्ठल किंवा शिवराम का नकोत? दोघेही संघातले अनुभवी, खंबीर फलंदाज. तराजू खेळाचा असता तर काटा कुठेतरी त्या घराकडे झुकला असता. तो एकदाही झुकला नाही, यातच सारे आले.

विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले. आपली बाजू त्यांनी जाहीर निवेदनातून लोकांपुढे मांडली. जातीमुळे आपल्याला डावलले जाते हे या भावांनी शब्दांत मांडण्याची ही पहिलीच वेळ. मला या घटनेतले सर्वांत मोलाचे वाटते ते हे. बाळूंनी आयुष्यभर बळी घेऊन उत्तर दिले होते. भावांनी खेळायचे नाही असे म्हणून दिले. संघ खेळाडूला तोलतो हे आपण नेहमी पाहतो, इथे खेळाडूंनी संघाला तोलले आणि तो हलका भरला. लोक भावांच्या बाजूने उभे राहिले. त्याच साली नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि अस्पृश्यता घालवण्याचा विषय राष्ट्राच्या कार्यक्रमात आला. हवा बदलत होती.

पुढच्या सामन्याला पै बरे होऊन आले. तडजोड झाली. भाऊ परतले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार केले. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी संघ चालवला. पै मुद्दाम गेले असावेत असे मानले जाते. काही षटकांचे ते राज्य! पण त्या काही षटकांत अकरा जणांचा संघ एका चर्मकार माणसाच्या बोटावर हलला, आणि आभाळ काही कोसळले नाही. त्यानंतर तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर हिंदूंचे रीतसर कर्णधार झाले, हिंदूंनी गोऱ्यांना हरवले आणि लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर घेऊन मिरवले. विठ्ठलांनी पुढे आपले आत्मचरित्र लिहिले. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी या घराण्याची कहाणी पुन्हा उजेडात आणली तेव्हा ते फार कामी आले. नाहीतर बाळू हे नाव आकड्यांच्या वहीत पडून राहिले असते.

आमच्या पोराचे काय झाले हे सांगायचे राहिले. तो गेला. संच आला. नव्या बॅटीने आम्ही त्या हंगामात दोन सामने जिंकले आणि बाकीचे हरलो, कारण समोरच्यांना बाद करायला कोणी नव्हते. पोळ्यानंतरच्या सामन्यात तो आमच्याविरुद्ध खेळला. मी सलामीला गेलो होतो. चौथा चेंडू टप्पा पडून आत आला आणि मधली यष्टी, जी त्याच्याच बदल्यात आली होती, ती उडाली. सामन्यानंतर ते लोक चहा प्यायला बसले तेव्हा मी लांबून बघितले. तो बाकावर बसला होता, मधोमध. आम्ही त्याला दिले ते त्याच्यासाठी बरेच झाले, असे मी स्वतःला समजावतो. पण आम्ही ते त्याच्या बऱ्यासाठी केले नव्हते.

बाळूंचा उत्तरकाळ थोडक्यात सांगतो, कारण तिथे माझे मन गोंधळते. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर झाला, नागपूरच्या नायडूंच्या नेतृत्वाखाली. बाळू तेव्हा ५६ वर्षांचे. देशाकडून कसोटी खेळण्याचा योग त्यांच्या नशिबी नव्हता, ते वीस वर्षे आधी जन्मले. पण त्याच वर्षी सप्टेंबरात येरवड्याला पुणे करार झाला, त्यावर पी. बाळू अशी त्यांची सही आहे. ते स्वतंत्र मतदारसंघाच्या विरुद्ध बाजूचे, म्हणजे या बाबतीत डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध. १९३३ साली ते मुंबई महापालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. १९३७ साली मुंबई विधानसभेसाठी काँग्रेसने त्यांना उभे केले, ते खुद्द डॉ. आंबेडकरांसमोर. मते पडली बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५.

ज्या तरुणाच्या पिढीने त्यांचा पहिला सत्कार केला, त्याच्याविरुद्ध त्यांना मैदानात उतरवले गेले. आमच्या वर्गात यावर वाद झाला. काहींना बाळूंचा राग आला. मला तो येत नाही. चहा बाहेर पाजणाऱ्यांबरोबर राहूनच त्यांनी एकेक पायरी जिंकली होती, आणि आत राहूनच बदल होतो अशी त्यांची खात्री झाली असेल. बाबासाहेबांनी दुसरा मार्ग धरला आणि इतिहासाने त्यांच्या पदरात माप टाकले. पण काँग्रेसने बाळूंना तिकीट दिले तेव्हा तिथेही कोणीतरी बसून हिशेब केला असेल, या माणसाचे नाव मोठे आहे, या लढतीला हा उपयोगी पडेल. पुण्याच्या क्लबाने केला तसाच.

४ जुलै १९५५ रोजी बाळू पालवणकर वारले. ३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. कर्णधार म्हणून त्यांच्या वाट्याला आली ती पुण्यातली, पै तंबूत बसून होते तेवढी षटके.